शब्द पुरा झाला का? : मराठी ख्रिस्ती विचारातील एक जुना वाद

ईश्वराने माणसाशी बोलणे कधी थांबवले का? प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञानाच्या तासाला शोभणारा वाटतो. पण महाराष्ट्राच्या गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नापायी माणसांनी पगार सोडले आहेत, आयुष्याची पंधरा-सतरा वर्षे एका भाषांतरात घातली आहेत, आणि ज्यांनी आपल्याला आश्रय दिला त्यांच्याशी पत्रांतून वाद घातले आहेत. ख्रिस्ती धर्मशास्त्रात या वादाला दोन टोके आहेत. एक म्हणते, बायबल पुरे झाले. देवाला जे सांगायचे होते ते त्यात सांगून झाले. दुसरे म्हणते, देव मुका झालेला नाही. त्याचा आत्मा आजही बोलतो.

हा वाद युरोपातून आयात झाला आणि तिथल्या तिथे जिरला, असे समजण्याचे कारण नाही. आमच्या सिंदी (रेल्वे)च्या दोन्ही अंगांना त्याच्या खुणा आहेत. नागपूरच्या बाजूला बुटीबोरीजवळ टाकळघाट आहे. पहिले मत घेऊन या मुलखात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांचा शेवट तिथल्या ओढ्यात झाला. वर्ध्याच्या बाजूला सेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम. तिथे १९३६ मध्ये याच वादाची एक मोठी फेरी झाली. मधल्या काळात पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या दोन मराठी माणसांनी त्याला जी वळणे दिली, ती मला या कहाणीचा गाभा वाटतात.

ग्रंथाला कुलूप कसे लागले

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. कोणती पुस्तके त्यात घ्यायची आणि कोणती वगळायची, हे ठरायला येशूनंतर तीन शतकांहून अधिक काळ गेला. नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांची आज आपण पाहतो तशी नेमकी यादी इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात आढळते.

यादी करण्याची गरज का पडली, याचे एक कारण मोठे बोलके आहे. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमध्ये माँटेनस नावाचा एक माणूस आणि त्याच्यासोबत प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया, पवित्र आत्मा आमच्या मुखातून बोलतो, असे सांगू लागल्या. चर्चने त्यांना पाखंडी ठरवले. म्हणजे ग्रंथ बंद करण्याच्या गोष्टीत पहिल्यापासून एक प्रश्न दडलेला होता: बोलण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्यात स्त्रियांचा किती?

दोन्ही पक्षांना बायबलमध्येच आधार सापडतो. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात, या पुस्तकात भर घालणाऱ्याला आणि यातून काही काढणाऱ्याला कडक इशारा आहे. तो त्या एका पुस्तकापुरता की सगळ्या बायबलला लागू, यावर आजही वाद घालतात. उलट योहानाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की मला अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण ते तुम्हाला आत्ता पेलवणार नाही. आत्मा येऊन तुम्हाला सत्यात नेईल. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पूर्णता येईल तेव्हा संदेश आणि अन्य भाषा संपतील, असा आशय आहे. ही पूर्णता म्हणजे बायबल पुरे होणे की काळाचा शेवट, यावर सगळे अडते.

सोळाव्या शतकात फूट वाढली. रोमन कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये ग्रंथाबरोबर अलिखित परंपरेलाही मान दिला. प्रॉटेस्टंटांनी परंपरा बाजूला सारून केवळ ग्रंथ धरला. त्यांच्यातही जॉर्ज फॉक्सच्या क्वेकरांसारखे अंतरीच्या प्रकाशाला मानणारे निघालेच. ग्रंथवाद्यांची भूमिका वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकारात १६४६ च्या सुमारास पक्की झाली. आत्म्याचे नवे प्रकटीकरण असो की माणसांची परंपरा, ग्रंथात कशाचीही भर घालायची नाही, असा तिचा रोख होता.

मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. आपल्या वऱ्हाडात रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या आणि केसोबासांनी त्यांतली वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. स्वामींचे वचन तेवढे प्रमाण, ही महानुभावांची बैठक. उलट वारकऱ्यांत अशी कथा आहे, की नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला आणि तो पुरा करण्याची आज्ञा तुकोबांना स्वप्नात झाली. एका परंपरेत शब्द जपायचा असतो, दुसरीत तो पुढे चालवायचा असतो. मराठी मनाला दोन्ही ओढी ठाऊक आहेत.

हिस्लॉप आणि पुण्यातले नवे संदेष्टे

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकाराने बांधलेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचे नाव चालवते. दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा अशा कितीतरी गोष्टींत त्यांना रस होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून ते वारले. जमिनीखाली दडलेले रोज नवे शोधणारा हा माणूस धर्माच्या बाबतीत मात्र ग्रंथ पुरा झाला, असे मानणाऱ्या परंपरेतला होता. त्यांना त्यात विसंगती वाटली नसावी. निसर्ग शोधायचा, शास्त्र वाचायचे, अशी ती विभागणी होती.

त्याच सुमारास अगदी उलट दावा करणारी माणसेही महाराष्ट्रात येऊन गेली. अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये 'मॉर्मनचे पुस्तक' छापले आणि बायबलनंतरही देवाने ग्रंथ दिला आहे, संदेष्टे आजही होतात, असे जाहीर केले. त्या पंथाचा ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने एक छोटी मंडळी स्थापन केली. इतर मिशनांनी त्याला विरोध केला. काही वर्षांतच हे काम गुंडाळले गेले. इथल्या समाजावर त्याचा ठसा उमटला नाही. पण एक अडचण त्यामुळे उघडी पडली. तुमचे वेद अपुरे आहेत, आमचा ग्रंथ घ्या, असे हिंदूंना सांगणाऱ्या मिशनऱ्यालाच आता कोणीतरी सांगत होते, की तुमचाही ग्रंथ अपुरा आहे.

कुलूपच नको म्हणणारे

हा मुद्दा मराठी सुधारकांनी आपल्या परीने आधीच हेरला होता. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. एकेश्वरी उपासना त्याला मान्य होती, पण कोणताही ग्रंथ साक्षात ईश्वराने दिलेला आहे, हे मान्य नव्हते. महात्मा फुले यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. धर्मपुस्तके माणसांनी केलेली आहेत, प्रत्येकात काही सत्य आहे, पण सगळे सत्य एकातही नाही, असा त्यातला विचार आहे. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी मिशनऱ्यांचा ग्रंथप्रामाण्यवाद मात्र घेतला नाही.

याच्या उलट बाजूला नीलकंठशास्त्री गोरे उभे होते. काशीतले हे मराठी पंडित आधी मिशनऱ्यांना संस्कृतात उत्तरे देत होते. १८४८ मध्ये ते स्वतः ख्रिस्ती झाले. पुढे ब्राह्मो विचारावर त्यांनी टीका केली. तिचा आशय असा, की एक दयाळू पिता-परमेश्वर ही तुमची कल्पना निव्वळ बुद्धीतून आलेली नाही; ज्या ग्रंथाला तुम्ही नाकारता, त्याच्याच ती उसनवारीवर उभी आहे. हा युक्तिवाद आजही सहज उडवून लावता येणार नाही. पंडिता रमाबाईंच्या मनावर गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम झाला होता, हे त्यांनी स्वतः १९०७ च्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

रमाबाई : आत्मा मोकळा, ग्रंथ बंद

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरचा त्यांचा आणि सिस्टर जेराल्डाइन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो मुळातून वाचावा असा आहे. जेराल्डाइन यांचे म्हणणे, चर्च शिकवते ते नम्रपणे स्वीकारावे. रमाबाईंचे म्हणणे, मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात जाण्यासाठी नव्हे. बायबलमध्ये स्पष्ट न सापडणारी सिद्धांतवचने केवळ चर्चने सांगितली म्हणून घ्यायला त्या तयार नव्हत्या.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. ग्रंथ बंद आहे, ही कल्पना एरवी जुलमाची वाटते. रमाबाईंच्या हातात मात्र ती ढाल झाली. ग्रंथ पुरा असेल तर त्यात भर घालण्याचा अधिकार भटालाही नाही आणि बिशपलाही नाही. ज्या बाईला लिहिता-वाचता येते, तिला ग्रंथ उघडून विचारता येते: हे कुठे लिहिले आहे ते दाखवा.

पुढची घटना केडगावची. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी आपल्या मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा नेल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातली संख्या आणखी वाढली. १९०५ च्या जून महिन्याच्या अखेरीस तिथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली रडत, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करीत, अंगात आग पेटल्याचे सांगत. पुढे काहीजणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. अमेरिकेतील लॉस एंजेलिसची ज्या चळवळीमुळे पेंटेकोस्ट पंथ जगभर गेला, ती एप्रिल १९०६ ची. म्हणजे केडगावची जागृती तिच्याही आधीची. मुक्तिसदनातील मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत पोचली आणि १९०९ मध्ये तिथे झालेल्या पेंटेकोस्ट जागृतीला तिने चालना दिली. दुष्काळातून वाचलेल्या मराठी-हिंदी मुलींच्या प्रार्थनेचा पडसाद इतक्या दूर उमटला, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात फारशी येत नाही.

अनेक मिशनऱ्यांना हा गोंगाट पसंत पडला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाने आपल्या रीतीने रडावे-हसावे, पाश्चात्त्य शिस्तीचे माप त्याला लावू नये, असे त्यांचे मत होते. त्याचबरोबर अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण, असेही त्यांनी मानले नाही. प्रेम आणि सेवा यांना त्यांनी वरचे स्थान दिले.

आणि याच वर्षांत त्या काय करीत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर. मराठीत नवा करार १८११ मध्ये सेरामपूरहून आला होता आणि नंतरची भाषांतरेही होती. पण त्यांतील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य बायकांना कळत नाहीत आणि त्या शब्दांना चिकटलेले वेदान्ती अर्थ मूळ आशय बिघडवतात, अशी रमाबाईंची तक्रार होती. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या, संस्कृत तोंडपाठ असलेल्या बाईने ही तक्रार करावी, यात तिचे वजन आहे. मजकूर मुक्तिसदनातल्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांच्या हातून छापला जाई. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

एकीकडे आत्म्याला मोकळे रान, दुसरीकडे ग्रंथातल्या एकेका शब्दाची छाननी. रमाबाईंना यात विरोध दिसला नाही. देव आजही बोलतो, पण तो जे बोलतो ते ग्रंथाशी ताडून पाहायचे, आणि ताडून पाहायचे तर ग्रंथ प्रत्येकीला समजेल अशा बोलीत हवा, असा त्यांच्या दोन्ही कामांना जोडणारा धागा मला दिसतो.

टिळक : तुकोबांचा पूल

नारायण वामन टिळक यांची वाट वेगळी. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते शास्त्रग्रंथांचे काम करीत आणि 'ऋषी' हे मासिक चालवीत. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या काळात लक्ष्मीबाईंवर काय गुदरले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको.

पुढे टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते. सुरुवातीला हिंदू धर्मावर त्यांनी टीकाही केली. पण हळूहळू ते पुन्हा तुकोबांकडे वळले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते सांगत. संतांचे वाङ्मय हाच आपला पहिला जुना करार, अशी त्यांची धारणा होती. या विधानाचा अर्थ साधा नाही. ज्यू लोकांना देवाने मोशे आणि यशया यांच्याकरवी तयार केले, तसे मराठी माणसाला ज्ञानोबा-तुकोबांकरवी तयार केले, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे बायबलच्या बाहेर, बायबल हाती येण्याआधी, देव मराठीत बोलला होता. वेस्टमिन्स्टरच्या चौकटीत हे बसणारे नव्हते.

टिळकांनी अभंगांना बायबलमध्ये घालण्याचा प्रयत्न केला नाही, स्वतःच्या अभंगांना तर नाहीच. पण उपासनेत त्यांनी मराठी भक्तीचा सूर आणला. त्यांची गीते आजही महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत रविवारी गायिली जातात. जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहून ही वाट तीनशे वर्षे आधी पाडलेलीच होती. टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' हाती घेतले. ते अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. अपुरा संकल्प दुसऱ्याने पुढे न्यायचा, ही नामदेव-तुकोबांची रीत इथे एका ख्रिस्ती घरात घडली.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. अंतरीच्या एका दर्शनाने आपल्याला ही आज्ञा झाली, अशी त्यांची श्रद्धा होती. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण एका पगारी धर्मोपदेशकाने आतल्या आवाजावर विसंबून संस्थेच्या बाहेर पाऊल टाकले. देव आजही बोलतो, या मताची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून मोजली.

सेगावची फेरी

एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधीजी सेगावला राहायला आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगातल्या मिशनरी चळवळीचे एक मोठे नेते जॉन मॉट त्यांना भेटायला तिथे पोचले आणि १९३८ च्या अखेरीस पुन्हा आले. त्यांची संभाषणे 'हरिजन'मध्ये छापली गेली. वादाचा मुख्य विषय हरिजनांचे धर्मांतर हा होता. पण त्याच्या मुळाशी आपलाच प्रश्न होता. गांधीजींनी १९२१ मध्येच 'यंग इंडिया'त लिहिले होते, की वेद, बायबल, कुराण, झेंद अवेस्ता या साऱ्यांमागे ईश्वरी प्रेरणा आहे, परंतु बुद्धीला आणि नीतीला न पटणारा अर्थ आपण मानणार नाही. ज्याला प्रकटीकरण एकाच ग्रंथात संपते असे वाटते, त्याचे धर्मांतराचे काम समजण्यासारखे आहे. ज्याला ते सर्वत्र चालू दिसते, त्याला त्या कामाचे प्रयोजनच उरत नाही.

डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. डच विद्वान हेंड्रिक क्रेमर यांनी तिच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात, ख्रिस्तातले प्रकटीकरण आणि इतर धर्म यांच्यात सलग वाट नाही, असे ठासून मांडले. पी. चेंचय्या आणि त्यांच्या मद्रासच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी एका ग्रंथातून वेगळी भूमिका मांडली. हिंदू शास्त्रे भारतीय ख्रिश्चनाला जुन्या कराराच्या जागी असू शकतात, ही चेंचय्यांची दिशा. मराठी वाचकाला यात टिळकांचा आवाज ओळखू येईल. मद्रासच्या विद्वानांनी इंग्रजीत मांडले, ते नगरच्या कवीने वीस वर्षे आधी जगून दाखवले होते.

एक वाद, तीन प्रश्न

इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मला वाटते, की हा एक वाद नसून तीन प्रश्नांची गुंतवळ आहे. देव आजही बोलतो का? ग्रंथात भर घालता येते का? आणि ग्रंथाच्या बाहेर तो कधी बोलला का? हिस्लॉप यांच्या परंपरेने शास्त्रातून बोलणारा देव तेवढा मानला आणि भर नाकारली. पुण्यात आलेल्या मॉर्मनांनी भर घातली. रमाबाईंनी पहिल्या प्रश्नाला होकार दिला, दुसऱ्याला नकार, आणि तिसऱ्याकडे पाठ फिरवली. टिळकांनी पहिल्याला आणि तिसऱ्याला होकार दिला, दुसऱ्याला हातच लावला नाही. फुले आणि प्रार्थना समाज यांनी कुलूपच मोडले.

रमाबाई आणि टिळक दोघेही ब्राह्मण घरातून आलेले, दोघेही संस्कृतज्ञ, दोघेही स्वतःच्या अनुभवाला संस्थेहून मोठे मानणारे. तरी एकीने बायबलमधून वेदान्ती शब्द काढण्यासाठी आयुष्य वेचले आणि दुसऱ्याने बायबलच्या दारात तुकोबांना उभे केले. याचे कारण त्यांच्या जगण्यात शोधावे लागते. जुन्या शास्त्रांनी रमाबाईंना विधवा म्हणून काय दिले, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना तुटणे हवे होते. टिळकांना मराठी भक्तीने कवी केले होते. त्यांना पूल हवा होता.

आणि तिसरा एक माणूस या चर्चेत नेहमी मागे राहतो. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य होते ते महार-मांग वस्त्यांतले लोक. ज्यांना पोथीला शिवण्याचीही मनाई होती, त्यांच्या हातात पहिल्यांदा ग्रंथ आला होता. तो पुरा की अपुरा, हा त्यांच्यापुरता दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तो आपल्याला वाचता येतो की नाही, हा होता. ग्रंथ बंद असावा असे म्हणणाऱ्याने, त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे सांगायला हवे. देव आजही बोलतो असे म्हणणाऱ्याने, कोणाच्या तोंडून बोललेले आपण ऐकून घ्यायला तयार आहोत हे सांगायला हवे. केडगावच्या त्या दुष्काळग्रस्त मुलींना रमाबाईंनी ऐकून घेतले, आणि त्यांनाच वाचता यावा म्हणून ग्रंथ सोपा केला. या वादाची याहून प्रामाणिक उकल माझ्या वाचनात आलेली नाही.